बेळगावात पेशंटसोबत राहायचं तर खोली कुठं घ्यावी? नेहरूनगर, बसस्टँड, टिळकवाडी की महिन्याची खोली

खानापूर, निपाणी, चिकोडी, सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं चंदगड नि गडहिंग्लज. या सगळ्या पट्ट्यात मोठं दुखणं निघालं की पाय बेळगावकडेच वळतात. पेशंट अ‍ॅडमिट होतो, एका नातेवाइकाला पास मिळतो, आणि बाकीच्यांनी रात्री टेकायचं कुठं हा प्रश्न दिवेलागणीला, हातात रिपोर्टांची पिशवी असताना उभा राहतो. मग रिक्षावाला नेईल तिथं माणूस जातो. अशी वेळ येण्याआधीच पर्याय शेजारी-शेजारी ठेवून बघितलेले बरे.

माझं मत आधीच सांगते. खोली घेताना पहिला विचार जागरण करणाऱ्याचा करावा. पेशंटकडे बघायला नर्स आहे, डॉक्टर आहेत. रात्रभर स्टुलावर बसून सकाळी खोलीवर येणाऱ्याकडे बघायला कुणी नसतं, आणि तोच आजारी पडला तर सगळंच अडतं. सरकारी योजनेच्या कार्डावर किंवा विम्यावर पेशंटचे उपचार होतात, पण नातेवाइकाची खोली खिशातूनच जाते. म्हणून तर लोक तिथं काटकसर करतात.

केएलईत, म्हणजे डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटलात पेशंट असेल तर नेहरूनगरातले लॉज सगळ्यात जवळ. पेशंट आयसीयूत असेल, बायपास असेल, अपघात असेल तर दुसरीकडे बघूच नका. रात्री दोनला वॉर्डातून फोन आला की चालत पाच-दहा मिनिटांत पोचता आलं पाहिजे. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, आणि आईला मात्र डिस्चार्ज मिळालेला, अशा घरांना तर हे फारच लागू. दर दोन-तीन तासांनी दूध काढून न्यायचं असतं. ओल्या बाळंतिणीला शहराच्या दुसऱ्या टोकाहून रिक्षानं ने-आण करायला लावू नये. मात्र हॉस्पिटलजवळच्या खोल्या बऱ्याचदा लहान असतात, खिडकी असली तरी समोर भिंत, आणि हायवे जवळ असल्यानं गाड्यांचा आवाज. शिवाय गरम पाणी कधी मिळतं ते विचाराच. पुष्कळ ठिकाणी ते सकाळच्या ठरावीक वेळेपुरतंच असतं. रात्रपाळी करून, डॉक्टरांचा राउंड आटपून दहा वाजता खोलीवर आलेल्या माणसाला नळाला गार पाणी लागतं. पावसाळ्यातल्या बेळगावात ती काही लहान गोष्ट नव्हे. आठवडाभर राहणार असाल तर आठवड्याचा दर मागा. बोलल्यावर कमी होतो.

सेंट्रल बसस्टँड, किर्लोस्कर रोड, खडेबाजार हा भाग सिव्हिलला, म्हणजे बिम्सच्या हॉस्पिटलला सोयीचा. केएलई इथून तीन-चार किलोमीटर. गावाहून भाऊ, जावई, पुतण्या आळीपाळीनं येणार असतील तर एसटीतून उतरून थेट खोलीवर येता येतं. खानावळी, दुकानं, बँका पायाखाली. दिवसा शहर बस आहे. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. त्यामुळं खानापूरच्या बाईचा रोजचा फेरा फुकट होतो आणि चंदगडच्या बाईला पैसे मोजावे लागतात. आधार कार्डावरचा पत्ता बघतात, ते जवळ ठेवा. या भागाची खरी अडचण गर्दीची. गणपती विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते, वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांना तर सगळा जिल्हा लोटतो, आणि १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, चन्नम्मा सर्कलच्या बाजूला रिक्षा मिळणं मुश्कील. उत्साहात मीही असते, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप हवी असेल तर तेवढ्या दिवसांपुरतं बाहेरच्या बाजूला राहावं.

टिळकवाडी, काँग्रेस रोड, खानापूर रोड या बाजूला रेल्वे स्टेशन जवळ, हॉटेलं थोडी मोठी, रात्री शांत. केएलईला इथून सगळं शहर ओलांडून जावं लागतं आणि संध्याकाळच्या गर्दीत तो रस्ता जीव खातो. म्हणून पेशंट आत असताना मी ही बाजू सुचवणार नाही. डिस्चार्जनंतर ‘चार दिवस गावातच राहा, ड्रेसिंगला या’ असं सांगितलेलं असेल तेव्हा मात्र ती चांगली. तेव्हा खोलीत पेशंट स्वतः असतो आणि बघायच्या गोष्टी बदलतात. गुडघा किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर कमोड पाश्चात्त्य हवा, आणि बाथरूमच्या दारात पायरी नको. ही पायरी फोनवर कुणी सांगत नाही. चार बोटांचा उंबरा असतो, तुम्ही-आम्ही न बघता ओलांडतो, पण वॉकर घेतलेल्या माणसाला तिथं दोघांनी धरावं लागतं आणि धरणाराही ओल्या फरशीवर उभा असतो. आधी एकानं जाऊन खोली बघून यावी. लिफ्ट असेल तर ती जनरेटरवर चालते का तेही विचारावं. पेशंटला ऑक्सिजनचं यंत्र लागत असेल तर खोलीतले प्लगही जनरेटरवर आहेत की फक्त दिवे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा.

कॅन्सरच्या उपचारांचा हिशेब निराळा. रेडिएशन बहुधा सोमवार ते शुक्रवार रोज असतं आणि पाच-सहा आठवडे चालू शकतं. मशीनखाली काही मिनिटंच, पण रोज. इतके दिवस लॉजवर काढणं पैशानं आणि जेवणानं दोन्हीकडून जड जातं. आमच्या आत्यांचं रेडिएशन चाललं तेव्हा सदाशिवनगरच्या बाजूला स्वयंपाकाची सोय असलेली खोली महिन्यानं घेतली. तोंड आलेलं, तिखटाचा वाससुद्धा नको, अशा वेळी खानावळीचा डबा परत जातो. घरात गॅस असला की रात्री अकरालाही तांदळाची पेज टाकता येते, पाणी उकळून ठेवता येतं. आत्या पितळी वाटीतली पेज चमच्यानं फुंकत फुंकत खायच्या आणि अर्धी झाली की ‘आता पुरे’ म्हणायच्या. ती अर्धी वाटी लॉजवर मिळाली नसती. केमो चालू असेल तर रात्रीच्या रिक्षावाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं असतं.

डायलिसिसला मात्र खोली घेऊच नये असं मला वाटतं, निदान खानापूर किंवा त्याहून जवळच्या गावांनी तरी. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास, आणि हे पुढं चालूच राहणार. जाऊन-येऊन करणं जमतं. दूरच्यांनी आपल्या तालुक्याच्या ठिकाणी सोय आहे का ते आधी विचारावं.

पैशाच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी. ‘रद्द केल्यास परतावा नाही’ असं स्वस्तातलं ऑनलाइन बुकिंग करू नका. शुगर वाढली, बीपी वाढलं, की ऑपरेशन पुढं ढकललं जातं. चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं, ते विचारा. डिस्चार्जच्या दिवशी याचा फटका बसतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमानुसार कॅशलेसची शेवटची मंजुरी तीन तासांत यायला हवी, पण फाइल तयार होऊन विमा कंपनीकडं जाईपर्यंतच दुपार होते. खोलीवर जीएसटी धरलाय का तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. कुणी जुने १२ टक्के लावत असेल तर बिल दाखवून बोला.

आणि ऑपरेशनची तारीख आपल्या हातात असेल तर डिसेंबरातलं विधिमंडळाचं अधिवेशन टाळा. सुवर्णसौधला, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीत, ते भरतं तेव्हा आमदार, अधिकारी, पोलीस असं सगळं बंगळूर इकडं येतं. बऱ्या खोल्या आधीच गेलेल्या असतात आणि मोर्चांमुळं हायवेला गाड्या खोळंबतात. तारीख बदलता येत नसेल तर नोव्हेंबरातच खोली सांगून ठेवा, आणि फोनवर ‘पेशंटसाठी’ असं स्पष्ट सांगा. खालच्या मजल्यावरची खोली बाजूला ठेवतात.