मेटल डिटेक्टर, आठ महिन्यांनंतर: खिळे बक्कळ, नाणी मोजकी

पहिल्या दिवशी दोन तासांत ४७ वस्तू उकरल्या. ४१ खिळे, दोन बिजागऱ्या, बैलाची एक पत्री, गोळ्यांची दोन चुरगळलेली पाकिटं आणि वीस पैशांचं एक षटकोनी नाणं. ‘घेऊ का रे मशीन?’ असं विचारणाऱ्याला मी आधी हा हिशेब सांगतो.

जागा आमचीच. करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, जुन्या गावठाणात चार गुंठ्यांवर आमचं मातीचं घर होतं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या, भिंती जागेवर बसल्या. नावेत चढताना आबांनी रेशन कार्ड आणि सातबारा घेतला. देवळीतले पाच टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरचे घरचे देव, तसेच राहिले. आजी अजून ते काढते. ‘कागुद आठवलं, द्येव न्हाई आठवलं.’ आम्ही वर माळावर नवीन घर बांधलं. खाली नुसता चौथरा, त्यावर घाणेरी. गेल्या दिवाळीला मशीन घेतलं ते या टाकांसाठी. नाण्यांचा नाद नंतर लागला.

कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतली सगळी मशीनं साधारण एकाच जातीची. १२ किलोहर्ट्झची लहर, खाली ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची गोल चकती), वजन सव्वा किलोच्या पुढे. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्यामुळे बारीक प्रवाह फिरतो, आणि परत येणारा इशारा किती उशिरा आला यावरून मशीन अंदाज बांधतं की लोखंड आहे की तांबं. पडद्यावर ० ते ९९ आकडा दिसतो. लोखंडाला घोगरा आवाज, तांब्या-चांदीला किणकिण. पहिला महिना मी आकडा बघत होतो, आता बघत नाही. कान लावायचा. चांगलं नाणं दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी एकसारखं बोलतं. खिळा एका बाजूनं गोड बोलतो आणि दुसऱ्या बाजूनं घसा खरवडतो. चपटा गंजका पत्रा मात्र अट्टल फसवा. त्यानं मला शंभर वेळा तरी गुडघ्यावर बसवलंय.

मोठी चूक केली ती ही की लोखंड ऐकूच येऊ नये असं सेटिंग ठेवलं. पडक्या घराच्या जागेत पावलापावलाला खिळा. लोखंड गप्प केलं की त्याच्या शेजारचं नाणंही गप्प होतं. ११ इंची कॉइलखाली एका वेळी चार-पाच खिळे येतात, त्यात बिचारा पैसा कसा बोलणार? नंतर सहा इंची छोटी कॉइल मागवली. खोली थोडी कमी मिळते, पण खिळ्यांच्या मधून वाट काढते. घरजागेवर फिरायचं असेल तर मोठ्या कॉइलच्या जाहिरातीला भुलू नका.

आता मातीबद्दल. आपल्याकडे पांढरी आणि काळी हे शब्द उगाच नाहीत. राहत्या जागेची राखेची, शेणाची, पडक्या भिंतींची माती ती पांढर. तिथं मशीन शांत चालतं आणि पाऊस पडून गेल्यावर तर जास्तच खोल ऐकतं. पन्हाळ्याकडे मामांच्या परड्यात नेलं तर वेगळाच तमाशा. तिथं जांभा. लोहाचा अंश इतका की रिकाम्या जागीही मशीन कण्हतं. कॉइल जमिनीजवळ वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायला मशीनला शिकवावं लागतं, संवेदनशीलता निम्म्यावर आणावी लागते, आणि तरी चार इंचांच्या खाली भरवसा नाही. दुसरा शत्रू वीज. आमच्या चौथऱ्यापासून डीपी हाकेच्या अंतरावर. लाइन असली की मशीन आपलं आपणच बडबडतं. शेतीची लाइन गेली की लोक शिव्या घालतात, मी बूट घालतो.

सापडलं काय? तर बहुतेक ओळखीचं. तीन पैसे, पाच पैसे, अ‍ॅल्युमिनियमची पिसासारखी हलकी नाणी. पितळी चुन्याची डबी, आत चुना दगड झालेला. घुंगरमाळेतले सहा घुंगरू. एक भोकाचा पैसा, युद्धकाळातला. १९४३ ते ४७ या वर्षांत धातू वाचवायला मधे भोक पाडून काढले ते. आजी म्हणाली, ‘ह्यो करदोड्यात ओवायचो आम्ही.’

उंबऱ्याची गोष्ट सविस्तर सांगतो. पुढच्या दाराचा दगडी उंबरा तेवढा जागेवर होता. आतल्या बाजूला, डाव्या चौकटीच्या खळग्यापाशी किणकिण आली, चारी बाजूंनी एकसारखी. खुरप्यानं वीतभर चौकोन कापला आणि खुरपं लांब ठेवलं (ते जवळ असलं की पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, त्याच्यावरच ओरडतो). हातानं माती चाळली. आधी कोळशाचे तुकडे, मग सुपारीएवढा हिरवट गोळा. सुटा केला तर तीन नाणी एकमेकांना चिकटलेली: दोन पाव आणे आणि मधे एक दुदांडी शिवराई, म्हणजे जुनं तांब्याचं मराठी नाणं. पाव आण्यावर राणीचा चेहरा, १८६२ साल वाचता येतं. म्हणजे पाया भरताना कुणीतरी ठेवलेली. घर कधीचं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता एवढं म्हणता येतं की हा उंबरा १८६२ च्या आधीचा नाही.

आणि मग मी घात केला. नाणी मोरीवर ठेवून आंघोळीला गेलो. आईनं चिंच-मीठ लावून एक पाव आणा असा घासला की लग्नातल्या पंचपाळ्यासारखा चकाकला. वरचा हिरवा थर गेला, त्याबरोबर अक्षरांची धारही गेली. नाणं फक्त पाण्यात भिजवायचं, मऊ ब्रशनं माती काढायची आणि थांबायचं. घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

गावाचं सांगायचं तर दुसऱ्याच दिवशी पारावर हंडा निघालाय. ‘काय रं, घावला का हंडा?’ याला मी एक खिळा काढून दाखवतो. एक जण मात्र रात्री आला, अमावस्येला कुठल्याशा माळावर मशीन आणतोस का, लिंबं-बिंबं आम्ही बघतो म्हणून. त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सांगितला, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर आत जावं लागतं म्हटलं. परत आला नाही.

कायदा आपल्यालाही आहे. १८७८ चा निखात निधी कायदा म्हणतो की जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरच्या किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये म्हणजे हल्ली एक चहा. उंबऱ्याच्या तीन नाण्यांसाठी मी अर्ज केला. अर्ज घेणाऱ्याला हा कायदाच ठाऊक नव्हता. तीन टेबलं फिरलो, पण पोच घेऊनच उठलो. तुम्हीही घ्या. आणि गडावर, संरक्षित जागेवर मशीन न्यायचंच नाही. मित्र म्हणतात कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवर चल. अरे, तिथं १९४५-४६ ला सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी थर मोजत खणलं. त्या टेकडीवरचा रोमन पोसायडन, म्हणजे समुद्रदेवाचा पुतळा, टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, तो बघून या. मी तिथं खड्डा पाडला तर माझ्या हातात एक नाणं येईल आणि ते कुठल्या थरातलं हे कायमचं जाईल.

तक्रारी: चार्जिंगच्या तोंडाचं रबर पाचव्या महिन्यात फाटलं. विक्रेत्यानं दीड महिना नुसतं ‘पाठवतो’ म्हटलं, शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. तासाभरानं मनगट दुखतं. हेडफोनची वायर घाणेरीत अडकते.

टाक जानेवारीत लागले, देवळीच्या जागी नाही, तिथून आठ फूट खाली उताराला, भिंतीच्या ढिगात. आधी खंडोबा, मग एका दुपारी जोतिबा आणि देवी, एकावर एक. चांदी काळी ठिक्कर, मागचा तांब्याचा पत्रा एका कडेनं उचकटलेला. मी आजीला नाण्याची सगळी गोष्ट सांगितली, घासू नको म्हटलं. तिनं ऐकून घेतलं, मग राख आणि चिंच घेऊन मोरीवर बसली आणि तिन्ही टाक लख्ख केले. तिथं मी काय बोलणार. दोन अजून खाली आहेत. गोठ्याकडची बाजू राहिलीय, तिथं सध्या गुडघाभर चिखल आहे.