निकोटीन गम, आठ महिने: च्युइंगम म्हणून खाल्लंत तर वाया जाईल

सिगरेट सोडली त्याला परवा आठ महिने झाले. मध्ये दोन ओढल्यात, त्या लपवत नाही, पुढे येतील. त्याआधी तेवीस वर्षं ओढत होतो. दिवसाला बारा-चौदा, नाइट शिफ्ट असली की मोजायचो नाही. पुण्याजवळ भोसरीत एका टूलरूममध्ये, म्हणजे यंत्रांचे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, काम करतो. दिवसभर उभं राहून काम, दोन-अडीच तासांनी दहा मिनिटं मोकळी, गेटबाहेर टपरी. सिगरेट लागायला यापेक्षा सोयीची जागा नाही आणि सोडायला यापेक्षा वाईट नाही.

हा अनुभव मुख्यतः निकोटीनच्या गमचा आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण दोन-तीन कंपन्यांचं खाल्लं आणि चव सोडली तर मला काही फरक कळला नाही. पुदिन्याचं बरं. फळांच्या चवीचं एकदाच आणलं, ते लहानपणीच्या खोकल्याच्या औषधासारखं लागलं.

गमचा पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगतो. गेल्या गणपतीत मेडिकलमध्ये गेलो आणि "सिगरेट सोडायचं च्युइंगम द्या" म्हटलं. त्याने २ मिलिग्रॅमची पट्टी काढून दिली. २ मिलिग्रॅमला चिठ्ठी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगच्या आधी एक तोंडात टाकलं आणि साधं च्युइंगम चावतात तसं कचाकचा चावलं. दोन मिनिटांत घशातून मिरची उतरल्यासारखं झालं आणि पाठोपाठ उचक्या सुरू. साहेब रिजेक्शनचे आकडे वाचतायत आणि मी दर चार शब्दांमागे एक उचकी देतोय. "वहिनींनी आठवण काढली वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. बाहेर येऊन पाणी प्यायलो आणि तिथून सरळ टपरी गाठली. सहाव्या दिवशी उरलेली पट्टी ड्रॉवरमध्ये गेली. गम म्हणजे पैसे उकळायचा धंदा, असं मी पुढे दोन महिने सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो.

दिवाळीनंतर कंपनीतली वार्षिक तपासणी झाली. बीपी वर. डॉक्टरांनी किती ओढता ते विचारलं, पण त्याआधी विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली कधी पेटते?" मी म्हटलं, चहा उकळेपर्यंत. "मग २ मिलिग्रॅमने तुमचं काय होणार?" हिशेब साधा आहे: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं गम. त्याला चिठ्ठी लागते. हृदयाचा काही त्रास, अल्सर वगैरे नाही ना, हे विचारून त्यांनी ती दिली. आणि मग शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला समोर बसवून गम कसं खायचं ते शिकवलं.

या सगळ्यात माझ्या मते महत्त्वाची गोष्ट एवढीच आहे, म्हणून नीट सांगतो. नाव च्युइंगम असलं तरी ते चघळत बसायचं नसतं. सावकाश आठ-दहा वेळा चावायचं. मिरी दाताखाली आल्यासारखी मिरमिर सुरू झाली की थांबायचं. तुकडा गाल आणि हिरडीच्या मध्ये सारून ठेवायचा, आपल्याकडे तंबाखूचा बार धरतात त्याच जागी. मिरमिर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं आणि दुसऱ्या गालात सारायचं. असा एक तुकडा अर्धा तास चालतो. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, आणि पोटात त्याचा उपयोग म्हणजे जळजळ आणि उचकी.

दुसरं, ते सिगरेटसारखं लगेच लागत नाही. झुरका मारला की काही सेकंदांत डोक्यात जातो. गमला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तरीही तो झटका येत नाही, नुसती कुरकुर थांबते. म्हणजे तलफ आल्यावर खाऊन चालत नाही, ती यायच्या आधी खायचं. मी घड्याळ लावूनच खाल्लं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी, असा बारा आठवड्यांचा कार्यक्रम असतो. सुरुवातीला माझे दिवसाला दहा-अकरा तुकडे व्हायचे.

आता चहा. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंडातला आंबटपणा वाढतो आणि निकोटीन नीट शोषलं जात नाही. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत यातलं काहीच नको. पाण्याला हरकत नाही. माझी अर्धी तलफ तर चहालाच बांधलेली! शेवटी क्रम ठरवला: ब्रेक झाला की आधी चहा, मग खळखळून चूळ, मग पंधरा मिनिटांनी मशिनवर परतल्यावर गम. वाचायला सोपं वाटतं, अंगवळणी पडायला दोन आठवडे गेले.

चहाची आणखी एक गंमत मला फार उशिरा कळली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रात्री छातीत धडधड आणि झोप नाही. मला वाटलं गममुळे. डॉक्टर म्हणाले, चहा किती? सहा-सात कप. धुरामुळे शरीर कॅफीन लवकर निकालात काढत असतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो. सात कपांचे तीन केले आणि दोन रात्रींत झोप आली. ही एक गोष्ट आधी माहीत असती तर पहिला आठवडा निम्म्याने सोपा गेला असता.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट. कारखान्यात नवीन आलेल्या एका अप्रेंटिसने बोअरचं, म्हणजे भोकाचं, माप दोन शतांश मिलिमीटरने मोठं केलं. याआधी अशा वेळी मी काय केलं असतं? टपरीवर जाऊन एक ओढली असती, परत येऊन शांतपणे समजावलं असतं. त्या दिवशी त्याला सगळ्या कामगारांसमोर इतका बोललो की पोरगं जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली. घरी बायकोने मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबांशी पंधरा दिवस हो ला हो म्हणायचं." दोघींनी म्हटलं. तीन आठवड्यांनी चिडचिड ओसरली.

पोटाचं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. सकाळी सिगरेटशिवाय पोट साफ होत नाही असं म्हणणारे आपल्यात शेकड्याने आहेत आणि ते थापा मारत नाहीत. निकोटीन आतड्यांना ढकलत असतं. ते कमी झालं की सगळं ठप्प. माझे चार दिवस असे गेले की त्याच कारणाने पुन्हा पेटवावी असं वाटलं. रात्री इसबगोल, सकाळी दोन तांबे कोमट पाणी, जेवणात काकडी-गाजर, आणि अर्धा तास चालणं. दोन-अडीच आठवड्यांत गाडी रुळावर आली. तोंडही त्याच सुमारास आलं होतं, जिभेच्या कडेला दोन फोड, ते आपोआप गेले. खोकला मात्र आधी वाढला आणि मग दीड महिन्याने कमी झाला.

गमने निकोटीन भागतं, ती दहा मिनिटं भागत नाहीत. ब्रेक झाला, सगळे गेटबाहेर निघाले, तू काय करणार? पहिले पंधरा दिवस मी कँटीनमध्ये एकटा बसलो आणि शिक्षा झाल्यासारखं वाटलं. टपरीवरच्या गप्पा, कोणाच्या ओव्हरटाइमचं काय झालं, कोण सोडून चाललाय, हे सगळं बंद. मग तिथेच जायला लागलो, चहा घ्यायला. टपरीवाल्या मामांना सांगून ठेवलं, "मामा, मागितली तरी द्यायची नाही." मामा हसले आणि म्हणाले, "तुम्ही मागाल, मी देणार नाही, तुम्ही शेजारच्याकडं घ्याल. धंदा माझा जाईल." सुटी सिगरेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. आमच्या गेटवर ती बातमी अजून यायची आहे. माझा अंदाज, पूर्ण पाकीट घ्यावं लागलं असतं तर मी पाच वर्षं आधीच कमी केली असती.

याच टपरीवर एकाने मनापासून सल्ला दिला, "चिमूटभर मळून घे, सिगरेट आपोआप सुटते." सुटते, खरं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे २४.४ टक्के. चिमूट देणारा हात आपल्याकडे प्रत्येक मशिनमागे आहे. माझे दोन जुने सहकारी असेच सिगरेटवरून मळण्यावर आले. त्यातल्या एकाचं आता तोंड पूर्ण उघडत नाही. घरून बडीशेप आणि धनाडाळीची डबी नेतो, चिमूट पुढे आली की डबी पुढे करतो.

वास परत आला तो सुखाचा नव्हता. सोमवारी सकाळी कारखान्यात शिरलो तर सडक्या अंड्यासारखा भपकारा. एका सीएनसी मशिनच्या टाकीतलं कूलंट, म्हणजे धातू कापताना थंड ठेवायला सोडतात ते पाणी, रविवारभर बंद राहून खराब व्हायला लागलं होतं. बाकी कोणालाच काही जाणवेना. टाकी उघडली तर वर तेलाचा जाड थर. इतकी वर्षं हा वास दर सोमवारी माझ्यासमोर असणार आणि मला पत्ता नव्हता. दुसरं म्हणजे हेल्मेट. आतलं अस्तर काढून साबणाच्या पाण्यात भिजवलं, तर तासाभरात बादलीतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. बायकोने बादलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता पाणी ओतून दिलं.

आता त्या दोन सिगरेटी. तिसऱ्या महिन्यात मित्राचे वडील गेले. स्मशानातून परतताना सगळे चहाला थांबले, कोणीतरी पाकीट पुढे केलं, आणि गम घरी राहिलं होतं. ओढल्या. चक्कर आली, चव घाण लागली, तरी दुसरी पेटवली. खरा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. डोक्यात एकच, की गेलं सगळं, आता ओढच. पाकिटावर छापलेला तंबाखू सोडायच्या हेल्पलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, तेव्हा लावला. फोन फुकट आहे. मी मराठीत बोललो, पलीकडच्या बाईंनी मराठीत उत्तर दिलं. उपदेश होईल म्हणून तयारीत होतो. त्यांनी विचारलं, किती वाजले होते, कोणी दिली, खिशात गम का नव्हतं, पुढच्या वेळी अशा ठिकाणी जायच्या आधी काय कराल. ब्रेकडाउन झाल्यावर मेंटेनन्सवाला विचारतो तसं. तलफ तीन ते पाच मिनिटांत उतरते, तेवढा वेळ हाताला काहीतरी काम द्या, म्हणाल्या. नंतर ठरलेल्या दिवशी त्यांचा स्वतःहून फोन आला. त्या दिवसापासून एक पट्टी गाडीच्या डिकीत, एक टूलबॉक्समध्ये, एक घरी.

पैशाचं: सिगरेटला रोजचे अडीचशे जात होते. गमला सुरुवातीला शंभर-सव्वाशे, पुढे कमी. वजन साडेचार किलो वाढलं, त्यातलं दीड उतरलं.

गमबद्दलच्या तक्रारी. जबडा दुखतो. महिनाभर कानाच्या पुढे ठणका होता. दाताला कॅप असेल तर सांभाळा, माझी खालची कॅप चिकटून हलली आणि डेंटिस्टचा खर्च वेगळा झाला. आणि गम सोडणं हे वेगळंच काम आहे. बारा आठवड्यांचं माझं वीस आठवड्यांवर गेलं. शेवटी ४ वरून २ मिलिग्रॅमवर आलो, मग एकाआड एक साधं पुदिन्याचं च्युइंगम, आणि मग एक दिवस दुपारी लक्षात आलं की सकाळपासून खाल्लेलंच नाही. वीस आठवडे गम खाण्यापेक्षा तेवीस वर्षं धूर बरा, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालत नाही, ते बहुधा स्वतः ओढणारे असतात. पण उद्यापासून एकदम बंद करून ज्यांचं सुटतं त्यांनी याच्या नादी लागू नये. मी तसं आधी चार वेळा केलं आणि चारही वेळा आठवड्यात फसलं होतं.

घरातली आणि डिकीतली पट्टी संपली. टूलबॉक्समध्ये व्हर्नियरच्या खाली २ मिलिग्रॅमची एक पट्टी आहे, त्यातले दोन तुकडे खाल्लेले, बाकीचे शाबूत. मागे छापलेली तारीख पुढच्या मार्चची आहे. मार्चपर्यंत ती तिथून हलवणार नाही.