पेटीवाल्याचं चॅनेल : 14 महिन्यांचा अनुभव

छापील निमंत्रणपत्रिकेत माझी ओळख कित्येक वर्षं ‘साथ : स्थानिक कलाकार’ अशी होती. गायक बाहेरून यायचे, तबलजी बहुधा त्यांच्याबरोबरच असायचा, पेटी, म्हणजे हार्मोनियम किंवा संवादिनी, मात्र गावातली. मैफल संपली की शाल, नारळ, पाकीट आणि रिक्षा. पाकिटाबद्दल माझी तक्रार नव्हती, नावाबद्दल होती. म्हणून मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचं स्वतःचं यूट्यूब चॅनेल काढू या,” तेव्हा हो-नाही करत तयार झालो. आता 14 महिने झाले. व्यवसायातली मंडळी भेटली की विचारतात, “फायदा होतो का हो काही?” म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी पैशांचं. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास बघितलं जाणं लागतं (शॉर्ट्सचा हिशेब वेगळा). सबस्क्रायबर कसेबसे झाले, तासांचा आकडा अजून लांब आहे. मालकंस रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीचा ख्याल ऐकायला लोक झुंडीनं येत नाहीत, हे मला चॅनेल काढण्याआधीही ठाऊक होतं.

मिळालं ते वेगळंच. बेळगावहून एका गायिकेचा फोन आला. “काळी पाच पट्टीत साथ करता ना? तुमचे तीन व्हिडिओ बघितले. गाणाऱ्याच्या मागे राहता, पुढे पळत नाही.” माझ्या वाजवण्याबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. पूर्वी असं काम मिळायचं तर कुणीतरी शिफारस करावी लागे, आणि शिफारस करणारा स्वतःचा शिष्य सोडून माझं नाव कशाला घेईल? गायकाचं नाव पोस्टरवर येतंच. साथीदाराला मात्र स्वतःचा पत्ता स्वतःच लावावा लागतो. म्हणून मी म्हणतो, या माध्यमाची गरज गायकांपेक्षा आम्हाला जास्त आहे.

आमच्या वाद्याला तर दुसऱ्याच्या मर्जीवर राहायची जुनी सवय. 1940 मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. पेटीत श्रुती (सुरांमधले बारीक भेद) नाहीत, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) निघत नाही, शिवाय वाद्य परकं, असे आक्षेप होते. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं दार एकच, आणि त्यालाही कुलूप!

एका ज्येष्ठांनी मला सुनावलं, “विद्या अशी चव्हाट्यावर मांडायची नसते.” मी उलटून बोललो नाही. घरी आल्यावर मात्र डोक्यात जयपूर घराण्याचे थोर गायक अल्लादियाखाँसाहेब घोळत राहिले. ते 1946 मध्ये गेले, त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी मात्र 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. गुरूचा आवाज पृथ्वीवर मिळत नाही आणि शिष्येचा ताऱ्यांकडे निघालाय! मी मुलीला म्हटलं, लाव कॅमेरा.

पहिले सहा व्हिडिओ पुसून टाकले. फोन पेटीसमोर जमिनीवर ठेवला होता, त्यामुळे भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक सुरांपेक्षा मोठी. मग साधारण 5,000 रुपयांचा माइक घेतला आणि हळूहळू जागा सापडली : पेटीपासून सव्वा मीटर, डोक्याच्या उंचीवर, किंचित खाली तोंड करून. पंखा बंद. मागच्या भिंतीला आईच्या दोन गोधड्या, म्हणजे खोली घुमत नाही. या गोधड्यांबद्दल कॉमेंटमध्ये जितकी विचारणा होते तितकी माझ्या वादनाबद्दल होत नाही.

शिकवणीचा अनुभव संमिश्र. न्यू जर्सीत मराठी घरातली दोन मुलं शिकतात. पहिल्या महिन्यात एका व्हिडिओ-कॉल अ‍ॅपनं माझा तानपुरा गिळून टाकला. सलग एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा फ्रीज, असं त्या अ‍ॅपला वाटतं. मी लांब ‘सा’ धरला की तिकडे सामसूम. आता झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करतो, विद्यार्थ्यालाही हेडफोन लावायला सांगतो. एवढ्यानं निम्मं दुखणं गेलं.

उरलेलं निम्मं, आवाज उशिरा पोहोचण्याचं, जाणार नाही. मैफलीत गायक माझ्यापासून दीड मीटरवर असतो, त्याचा सूर 4-5 मिलिसेकंदांत कानावर येतो. न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटरवर. इंटरनेटच्या फायबरमधून प्रकाश गेला तरी एका बाजूनं 60 मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. एकत्र वाजवणं शक्यच नाही. अलंकार, पलटे, बंदिशी व्यवस्थित होतात. साथ शिकवायची तर मी गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवतो, मुलं हेडफोनवर ते ऐकत पेटी वाजवून मुद्रण परत पाठवतात. (व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज करू नका, सूर मार खातो. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.) पण रेकॉर्डिंगमधला गायक ऐन वेळी तिहाई (तीनदा घेऊन समेवर यायचा तुकडा) बदलत नाही, आणि साथ म्हणजे तर तेवढंच असतं. त्यासाठी ती मुलं डिसेंबरात घरी येतात तेव्हा गायकासमोर बसवतो. आणि हो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात. गेल्या वर्षी त्या दिवशी मी पेटी मांडून तासभर भिंतीकडे बघत बसलो होतो.

सर्वांत मोठा मनस्ताप हक्काच्या (कॉपीराइटच्या) दाव्याचा. ‘सौभद्र’ या संगीत नाटकातलं एक पद पेटीवर वाजवून टाकलं, तर स्वयंचलित नोटीस आली की हे अमुक कंपनीच्या मालकीचं. नाटक 1882 चं, नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले. आपल्या कायद्यात रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे तो कधीच संपला. कंपनीचा हक्क असेल तर तिच्या ध्वनिमुद्रणावर, आणि इथे वाजवणारा मी होतो. हे सगळं लिहून हरकत घेतली. तीन आठवड्यांनी, खुलासा न करता, दावा निघाला. ओळखीच्या एका व्हायोलिनवाल्यानं अशीच नोटीस बघून घाबरून व्हिडिओच काढून टाकला होता. तसं करू नका. वाजवलेलं स्वतःचं असेल आणि रचना जुनी असेल तर हरकत घ्या.

छोट्या व्हिडिओंचं एक अ‍ॅपही पाच महिने चालवलं. तिथे द्रुत तानांना लाइक, आलापाला शून्य. वाईट याचं वाटलं की रियाजाला बसल्यावर मीच 30 सेकंदांत संपतील अशा जागा शोधायला लागलो. बायकोच्या ते आधी लक्षात आलं. आता तिथे फक्त कार्यक्रमाची तारीख टाकतो.

कामाला आलेल्या सवयी दोन. व्हिडिओचं शीर्षक मराठी आणि रोमन दोन्ही लिपींत, कारण लोक दोन्हींत शोधतात. आणि खाली सगळ्यांची नावं : तबला, तानपुरा, माइक सांभाळणारा पोरगासुद्धा. संस्थांच्या जुन्या व्हिडिओंत माझं नाव नव्हतं तिथे नम्रपणे निरोप धाडले. आठांपैकी पाच जणांनी नाव घातलं, एकानं तर ‘राहून गेलं बुवा’ म्हणून फोनही केला.

पाचपैकी तारे द्यायचे तर साडेतीन. अर्धा नोटिशीपायी कापला, एक रियाजापायी.

गेल्या महिन्यात इथल्याच एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझं पूर्ण नाव छापून आलं. आयोजकांनी ते चॅनेलवरून जसंच्या तसं उचललं होतं. छापलं होतं, संवादिनी : माझं नाव, आणि पुढे, ‘आवडल्यास सबस्क्राइब करा’.