बुधवारी रात्री तव्यावर काय: सुरमई की बांगडा?

वार पाळणाऱ्या घरांत मासळीचे दिवस मोजकेच. रविवार सोडला तर उरतात बुधवार आणि शुक्रवार, आणि दोन्ही ऑफिसचे. साडेसातला घरात पाऊल टाकून साडेआठला चार ताटं वाढायची असतील, तर कुठला मासा चविष्ट हा प्रश्न मागे पडतो. वेळ कुठे जातो हे आधी बघावं लागतं. तळायला कुठल्याही माशाला पंधरा-वीस मिनिटांवर लागत नाहीत. वेळ खातं ते साफ करणं, पाणी निथळणं आणि ‘जितकं जास्त मुरेल तितकं चांगलं’ हा गैरसमज.

म्हणून पापलेट आणि बोंबील सुरुवातीलाच बाजूला ठेवू. पापलेटाला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवलं ते त्याच्या चवीला शोभतंच, पण घाईघाईत रव्यात लोळवायचं असेल तर एवढे पैसे मोजू नयेत. बोंबील खिशाला परवडतात, पण अंगात पाणीच पाणी. चिरून, काटा काढून, वर वजन ठेवून अर्धा तास दाबल्याशिवाय ते कुरकुरीत होत नाहीत, आणि नेमका तो अर्धा तास आपल्याकडे नसतो.

सुरमई

चार जणांना पाचशे ते सहाशे ग्रॅम, म्हणजे सहा ते आठ तुकड्या. कापून घेताना वजनाबरोबर जाडीही सांगावी: दीड सेंटीमीटर. एक सेंटीमीटरच्या आत गेली की तुकडी कोरडी होऊन भुगा पडतो. अडीचच्या पुढे गेली तर बाहेरचा रवा करपतो आणि मधल्या काट्याजवळ कच्चं राहतं. घरी आल्यावर काम फक्त धुऊन टिपण्याचं. खवले नाहीत, पोट साफ करायचं नाही, बारीक काटे जवळपास नाहीत. लहान मुलं आपापली खातात, हा वेळेचा हिशेब फार कुणी धरत नाही.

उणी बाजू दोन. एक भाव. दुसरी, सुरमईचं मांस घट्ट आणि बांगड्यापेक्षा कमी तेलकट, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली की लगेच कळतं. पोटाकडच्या तुकडीच्या बाजूच्या दोन पाकळ्या पातळ असतात, त्या आधी शिजतात. अशा तुकड्या तव्याच्या कडेला ठेवाव्यात.

बांगडा

मध्यम चार, साधारण दीडशे ग्रॅमचे. भाव सुरमईच्या जवळपासही जात नाही आणि चव मात्र तिच्यापेक्षा ठसठशीत. अंगातच तेल असल्याने थोडा जास्त तळला गेला तरी कोरडा पडत नाही. नवशिक्याच्या हाताला बांगडाच जास्त सांभाळून घेतो, सुरमई नाही.

अट एकच: साफ करून घ्यायचा. कोळीण मावशींना कल्ले आणि पोट काढून द्यायला सांगावं. घरी फक्त पोटाच्या आत काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ नळाखाली अंगठ्याने चोळून काढायची. ती राहिली की ‘बांगड्याला वास येतो’ म्हणून सगळा दोष माशाला. मग दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरप्या खाचा, थेट काट्यापर्यंत. वरवर मारलेल्या खाचा तळताना फक्त उघडतात, मसाला आत जात नाही.

हा धुण्या-चिरण्याचा वेळ सुरमईपेक्षा दहा मिनिटांनी जास्त. शिवाय तळल्याचा वास घरात रेंगाळतो. बंद स्वयंपाकघर आणि चिमणी नसेल तर हेही धरून चला.

दोघांना लागू असलेली एक गोष्ट चवीपेक्षा महत्त्वाची. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या गटातले मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते तळून, उकळून किंवा गोठवून जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं हा त्याचाच प्रताप. संध्याकाळी स्टेशनबाहेर मासे घेऊन लोकलने तासभर यायचं असेल तर पिशवीत बर्फ हवाच.

आगळ, लिंबू की रेशाद

खरा निर्णय इथे आहे. आंबटाचा मांसाशी संबंध आला की प्रथिनं घट्ट होतात आणि पाणी सुटतं. लिंबाचा हा परिणाम झपाट्याने होतो: पंधरा-वीस मिनिटांत सुरमईची कड पांढुरकी दिसू लागते, तासाभराने ती पिठूळ होते आणि तव्यावर तुकडी फुटते. सकाळी लिंबू लावून फ्रिजमध्ये ठेवलेला मासा रात्री बिघडतो तो यामुळेच. मसाल्याला उगाच नाव ठेवलं जातं.

आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, घातल्यावर रंग, आंबटपणा आणि तो खास कोकणी वास एकदम मिळतो. अर्धा किलोला एक मोठा चमचा आगळ, दोन चमचे आलं-लसूण वाटण, दोन चमचे मालवणी मसाला, पाव चमचा हळद. मीठ अर्धाच चमचा, कारण आगळात मीठ आधीच असतं; मासा खारट होण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण. विकतची आलं-लसूण पेस्ट वापरत असाल तर तिच्यातही मीठ असतं, मग वेगळं मीठ शेवटी चाखूनच. आगळ नसेल तर पाच-सहा आमसुलं पाव वाटी कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्यावीत, आणि मसाला सैल होऊ नये म्हणून त्यातलं दोन चमचेच पाणी घ्यावं.

गोव्याचा रेशाद हा वेगळा हिशेब. दहा-बारा भिजवलेल्या लाल मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, आलं, जिरं, मिरी, दोन-तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा, चिंचेची लिंबाएवढी गोळी, चिमूटभर साखर, आणि पाण्याऐवजी व्हिनेगर घालून गुळगुळीत वाटायचं. ऐन बुधवारी हे करू नये. रविवारी वाटून काचेच्या बरणीत ठेवलं की व्हिनेगरमुळे फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतं, फक्त ओला चमचा घालू नये. रेशाद बांगड्यासाठीच, सुरमईवर तो माशाची चव झाकून टाकतो.

म्हणजे सुरमई आणि आगळ, बांगडा आणि तयार रेशाद. दोन्हींना पंधरा मिनिटं पुरतात. तेवढ्यात भाताचा कुकर होतो.

तवा की एअर फ्रायर

तव्यावर मासा चिकटतो तो तीन कारणांनी: अंगावर पाणी, तवा पुरेसा न तापलेला, आणि घाईने उलटणं. धुतलेला मासा मसाला लावण्याआधी फडक्याने कोरडा टिपला की पहिलं कारण संपलं. तीन चमचे बारीक रवा आणि एक चमचा तांदळाचं पीठ या प्रमाणात मिसळून, तव्यावर सोडतानाच घोळवावं. आधी घोळवून ठेवलं तर रवा मसाल्यातलं पाणी पितो आणि तव्यावर सालपट सुटतं. नुसता रवा झडतो, पीठ त्याला धरून ठेवतं. रेशाद भरलेल्या बांगड्याला घोळवणं ऐच्छिक.

दोन-तीन मोठे चमचे तेल, आच मध्यम. सुरमईला एका बाजूला चार मिनिटं, बांगड्याला पाच-सहा. तवा हलवल्यावर तुकडी आपणहून सरकली की उलटायची. उलथन्याने खरवडावं लागत असेल तर अजून वेळ आहे. झाकण ठेवू नये, वाफेने रवा मऊ पडतो. आठ तुकड्यांचे दोन घाणे होतात, आणि पहिल्या घाण्याचा झडलेला रवा तव्यात तसाच राहिला तर दुसरा घाणा कडवट आणि काळा निघतो. मध्ये कागदाने तवा पुसून ताजं तेल घाला.

एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. शिंतोडे नाहीत, वास कमी, आणि तेवढ्यात सोलकढी करता येते. पण रव्याला तेल मिळालं नाही तर तो पांढरा, दातांखाली कचकच करणारा राहतो, म्हणून दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावावं लागतं. एवढं करूनही सुरमई तव्यावरचीच सरस. बांगडा मात्र यात छान होतो, त्याचं स्वतःचं तेल उपयोगी पडतं. चार बांगडे एका वेळी टोपलीत मावतात का, हे यंत्र घेण्याआधी बघावं.

फ्रीझरचा आधार

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणजे बर्फातला मासा आलाच. परदेशातल्या घरांत तर बारा महिने भारतीय दुकानातली गोठवलेली ‘किंगफिश’, म्हणजे आपली सुरमईच. असा मासा सकाळी फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवून ठेवावा, ओट्यावर नाही. सुटलेलं पाणी फेकून नीट टिपल्याशिवाय मसाला लावू नये.

ताजा घेऊन स्वतः गोठवायचा असेल तर हळद, मसाला, आलं-लसूण लावून एका जेवणाची एक पिशवी करावी. आगळ, लिंबू नंतर, तळायच्या पंधरा मिनिटं आधी. इथे सुरमई स्पष्टपणे पुढे आहे: दोन महिने तरी चांगली राहते. बांगड्याचं तेल फ्रीझरमध्येही खवट होत जातं, त्याची पिशवी महिन्याभरात संपवा.