एकटा ड्रायव्हर, मागं दोन पोरं: सोलापूर-पुणे हायवेवर आयसोफिक्सवाली कारसीट कशी वाटली

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. लहान पोरांना घेऊन एकट्यानं हायवेला निघणार असाल तर कारसीट घ्याच, आणि बजेट असेल तर आयसोफिक्सवालीच घ्या, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांत थेट अडकणारी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क का कापला ते खाली येईलच, तो आपल्या सोलापूरच्या उन्हानं कापलाय.

बायको सध्या पुण्यात शिकतेय, मी इथं सोलापुरात आणि पोरं माझ्याकडं. थोरला सहा वर्षांचा, धाकटी पावणेदोन. सुट्टी आली की पहाटे निघायचं, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुणं गाठायचं, अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडं बाळ लहान असलं की आई नाहीतर आजी त्याला मांडीवर घेऊन मागं बसते आणि बाप गाडी चालवतो. माझ्या गाडीत ती मांडीच नाही. आणि असती तरी खरं सांगतो, गाडी वेगात कुठं आदळली तर दहा किलोचं लेकरू हातात धरून ठेवणं कुठल्याच माणसाला जमत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. त्यामुळं ज्यांच्या घरी मांडी हजर आहे त्यांनीसुद्धा हे वाचा.

खरेदीचं थोडक्यात. एका दुकानात चौकशी केली तर नुसती पट्टे लावलेली गादी समोर ठेवली, त्यावर ना लेबल ना मार्क, वर "सगळे हीच नेतात साहेब" हे ऐकवलं. मी तिथूनच परत फिरलो. सीटवर केशरी रंगाचं लेबल बघायचं, त्यात गोलात इंग्रजी ई आणि आर 44/04 किंवा नवीन आर 129 असं छापलेलं असतं, ही कारसीटच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, आणि आपल्याकडचं स्टँडर्ड एआयएस 072. यातलं काहीच नसेल तर ती सीट फुकट मिळाली तरी नको. शेवटी ऑनलाइन मागवली, कन्व्हर्टिबल, म्हणजे आधी उलटी आणि नंतर सरळ लावता येते अशी, 15 हजारांच्या आसपास गेले. कंपनीचं नाव लिहीत बसत नाही कारण कंपनीपेक्षा ती तुमच्या गाडीत नीट बसते का हेच मोठं आहे. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथं मिळते तिथं हात घालून बघा, लोखंडी कड्या लागल्या म्हणजे आयसोफिक्स आहे, त्यात सीटचे दोन हूक अडकवायचे, टक आवाज येतो आणि खूण हिरवी होते. पण तेवढ्यावर थांबू नका, तिसरा आधार लागतोच, एकतर खाली फ्लोअरला टेकणारा पाय किंवा वरून मागं अडकवायचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर. नवीन गाडी घेणार असाल तर भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टमध्ये, मुलांच्या सुरक्षेचे 49 पैकी मार्क वेगळे दिलेले असतात, नुसते स्टार बघून बुकिंग करू नका.

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो मुद्दा. धाकटी अजून उलटीच बसते, म्हणजे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. सगळे पाहुणे मला बोलून गेले, पोरीला बाहेरचं काय दिसणार, पाय अवघडतील, ओकारी येईल. आर 129 मध्ये 15 महिन्यांच्या आधी सरळ बसवायला परवानगीच नाही, आणि त्यानंतरही सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत आहे तोवर उलटं ठेवणंच चांगलं. कारण साधं आहे, एवढ्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मान कच्ची, समोरून धडक बसली की सरळ बसलेल्या बाळाचं डोकं झटक्यानं पुढं जातं, उलट्या सीटमध्ये तोच धक्का पाठ, मान आणि डोकं मिळून झेलतात. पाय ती मांडी घालून बसते, तिची काही तक्रार नाही. फक्त एक गोष्ट, उलटी सीट पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना कधीच लावायची नाही, एकटे असलात आणि बाळ नजरेसमोर हवं असं कितीही वाटलं तरी नाही, एअरबॅग उघडताना थेट सीटवर आदळते.

मी ती मागं डाव्या बाजूला लावलीय. आपला ड्रायव्हर उजवीकडं, त्यामुळं मान थोडी वळवली की सीट दिसते आणि बाळाला काढताना मी रस्त्याच्या कडेच्या बाजूला असतो, ट्रकच्या बाजूला नाही. थोरला माझ्या मागं, उजव्या दाराला चाइल्ड लॉक लावलेला. थांबायचं ते हॉटेलच्या किंवा पंपाच्या आवारात आत जाऊनच, हायवेच्या कडेला कधीच नाही. आधी थोरल्याचं दार मी बाहेरून उघडणार, त्याचा हात धरून गाडीला वळसा घालणार, मग धाकटी. चढताना उलट क्रम, आधी धाकटी बांधायची आणि मग तो. हे त्याला इतकं पाठ झालंय की आता तोच मला सांगतो.

पट्ट्यांचं काम नीट समजून घ्या कारण इथंच सीटचे पैसे वसूल होतात किंवा वाया जातात. उलट्या सीटला पट्टा खांद्याच्या बरोबरीनं किंवा जरा खालून यायला हवा, सरळ सीटला बरोबरीनं किंवा जरा वरून. ओढून झाला की खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत आला तर ढिला आहे, अजून ओढा. थंडीत पहाटे निघताना जाड स्वेटर घालून बांधू नका, आतला स्वेटर दबला की पट्टा ढिला पडतो, आधी बांधा आणि वरून चादर टाका. आपल्याकडं चादरीला काय तोटा.

आता अर्धा मार्क. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या वर जातो आणि गाडी उन्हात उभी राहिली की सीटचं बक्कल इतकं तापतं की आपल्यालाच हात लावता येत नाही, लेकराच्या मांडीला लागलं तर विचार करा. काळं कापड तर घेऊच नका, मला फिक्का रंग मिळाला तो बरा. गाडी उभी केली की पूर्ण सीटवर सोलापुरी टर्किश टॉवेल पांघरतो, पांढरा आणि जाड, बसवायच्या आधी काढून बक्कलला स्वतः हात लावून बघतो. तरीही तासाभरात पोरीची पाठ घामानं ओली होते कारण एसीची हवा उलट्या सीटच्या आत पोचतच नाही, आणि कव्हर काढून धुवायचं म्हणजे अर्धा तास खटपट. आपल्या हवेसाठी डिझाइन करताना कंपन्यांनी याचा विचार करायला पाहिजे होता, पाठीला जाळी द्यायला काय हरकत होती. यावर उपाय म्हणून मी उन्हाळ्यात पहाटे साडेचारला निघतो. उसाच्या हंगामात मात्र इतक्या अंधारात निघत नाही, टेंभुर्णी-इंदापूर पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागं रिफ्लेक्टर नसतो, तेव्हा उजाडल्यावरच.

आणि उन्हाचा विषय निघालाय तर हेही. पाण्याची बाटली घ्यायची म्हणून दोन मिनिटं पोरं गाडीत ठेवून जाऊ नका. बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक डिग्रीनं तापते, काच बोटभर खाली केल्यानं फार फरक पडत नाही, आणि लहान लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. एकट्या पालकाला हेच सगळ्यात अवघड जातं, संडासलासुद्धा दोघांना घेऊनच जावं लागतं, लागतं तर लागतं. टोलला फास्टॅगमुळं उतरावं लागत नाही आणि गाडी बंद पडली तर 1033 हा हायवेचा नंबर आहे, तो सेव्ह करून ठेवा.

खाणं गाडी उभी असतानाच. उलट्या सीटमधल्या लेकराच्या घशात काही अडकलं तर ड्रायव्हरला कळणारही नाही. शेंगा तर धाकटीच्या आसपासही नको, आपल्या घरात शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही पण एवढ्या पोरांच्या घशात अडकायला तोच पहिला. थोरल्याला सांगून ठेवलंय की बहिणीला काही भरवायचं नाही. भिगवणला उजनीचं पाणी बघत थांबतो, मऊ धपाटं आणि दही, दोघंही मोकळे पळतात. दर दोन तासांनी सीटमधून बाहेर काढायचंच, झोपलेलं असलं तरी.

थोरल्याचा बूस्टर, म्हणजे पोराला उंच बसवणारी बैठक, पाठवाला आहे, नुसता पाट नाही. त्याचं काम एवढंच की गाडीचा बेल्ट गळ्यावरून न जाता खांद्यावरून जावा आणि पोटावर न बसता मांडीच्या वर कंबरेच्या हाडावर बसावा. झोपला की डोकं बाजूच्या पंखात टेकतं, बेल्ट सरकत नाही. याला पूर्ण पाच. सहा वर्षांचा झाला म्हणजे आता नुसता बेल्ट पुरे असं समजू नका, वयापेक्षा उंची बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 194 ब कलमात 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर 1000 रुपये दंड आहे, पण दंडासाठी नका घेऊ हो, पोरांसाठी घ्या.

सेकंडहँड कारसीट मिळतेय, घेऊ का, असंही कुणी विचारलं होतं. ओळखीच्या घरातली असेल आणि अपघातात सापडलेली नाही याची खात्री असेल तरच घ्या, आणि सीटच्या मागं-खाली बनवल्याची तारीख आणि कित्येकदा वापरायची मुदतही छापलेली असते ती बघून मगच पैसे द्या. अनोळखी माणसाकडून मात्र नको, आतलं प्लास्टिक तडकलेलं बाहेरून दिसत नाही.