फुटामागे 5 रुपये

आमची मोसंबीची बाग जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. 2012-13च्या दुष्काळात तालुक्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, आम्ही टँकरच्या पाण्यावर आमची 280 झाडं कशीबशी तगवली. 2016च्या उन्हाळ्यात पुन्हा तीच पाळी आली. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते, ते टीव्हीवर रोज दिसायचं, आणि इकडे आमच्या विहिरीत तळाला नुसता गाळ. वडील म्हणाले, आता बोअर घेतल्याशिवाय बाग राहत नाही.

बोअर म्हटलं की आमच्याकडे आधी पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे ते दाखवणारा. चार गावं सोडून एक जण होता, लोक त्याला महाराज म्हणायचे. जन्माला पायाळू, त्यामुळे जमिनीखालचं दिसतं, अशी ख्याती. त्याची बोली ऐकून आम्ही निम्मे तिथेच विरघळलो. पॉइंट काढायचे फक्त 500 रुपये आणि नारळ. पाणी लागलं तर खुशीनं 11,000 द्या, नाही लागलं तर एक रुपया नको. वडील मला म्हणाले, "अरे, ज्याला खात्री न्हाई तो असं बोलंल का?" मलाही ते पटलं.

सकाळी सहाला तो आला. अनवाणी. सोललेला, शेंडी राखलेला नारळ तळहातावर आडवा ठेवून बांधाबांधानं चालू लागला. विहिरीपासून पूर्वेला लिंबाच्या झाडापाशी आला आणि नारळ हळूहळू उठून उभा राहिला. आई हात जोडून उभी. तो म्हणाला, इथं दोन झऱ्यांचा संगम आहे, दीडशे फुटांवर पहिलं पाणी, तीनशेवर दुसरं, अडीच इंची धारेचं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाटील, तुमी धरून बघा."

मी धरला. त्या जागेवर गेलो आणि माझ्या हातावरही तो नारळ उभा राहिला. मी काही केलं नव्हतं, हे आजही शपथेवर सांगेन. त्या क्षणी माझी शंका संपली. दुसऱ्याच्या हातावर पाहिलं असतं तर कदाचित विचार केला असता. स्वतःच्या हातावर पाहिल्यावर माणूस विचार करायचा थांबतो.

बोअर मारायची गाडीही महाराजांच्याच ओळखीची. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या या गाड्या उन्हाळाभर मराठवाड्यात फिरत असतात. पहिल्या 300 फुटांना फुटामागे 70 रुपये दर, पुढे दर शंभर फुटांना त्यात 10 रुपये वाढ, केसिंग, म्हणजे बोअरमध्ये वरच्या भागात बसवायचा पाइप, वेगळं. रात्री नऊला मशीन लागलं. मुरूम संपला, मांजऱ्या, म्हणजे त्याखालचा ठिसूळ खडक लागला, तिथे थोडी ओल आली तेव्हा आम्ही सगळे पुढे सरकलो. त्याखाली काळा पाषाण. मग फुपाटा. पांढरट, कोरडा, पिठासारखा फुपाटा कंप्रेसरच्या जोरानं वर उडत होता आणि मोसंबीच्या पानांवर बसत होता. दीडशे गेले, तीनशे गेले. प्रत्येक वेळी महाराज मातीची चिमूट बोटांत चोळून म्हणायचे, "जवळ आलंय, अजून पन्नास फूट." पहाटे 420वर मी थांबवलं.

दुसऱ्या आठवड्यात दुसरा पॉइंट. पहिल्या वेळी म्हणे घरातल्या कुणाची तरी सावली पडली होती. 560 फूट गेलो. फुपाटाच.

हिशेब मांडतो, कारण लोक हिशेब मांडत नाहीत. पहिला बोअर 30,800, दुसरा 44,000, दोन्हींचं केसिंग मिळून 20,000. एकूण 94,800 रुपये. त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. तिनं त्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

पैसे न्यायला गाडीवाल्याचा एजंट आला. पावती लिहिताना त्याची वही ओट्यावर उघडी राहिली. आमच्या नावाखाली लिहिलेलं होतं : पॉइंट, 980 × 5 = 4900. मी विचारलं, हे काय? तो अगदी सहज म्हणाला, "महाराजांचं. फुटामागं 5 रुपये, सगळेच देतात."

म्हणजे पाणी लागलं तर 11,000 आमच्याकडून, आणि न लागता खोल गेलो तरी 5 रुपये फूट गाडीवाल्याकडून. त्या रात्री "अजून पन्नास फूट" म्हणताना दर वेळी त्याचे 250 रुपये पक्के होत होते. त्याला फायद्याचं काय होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तिसरा पॉइंट फुकट काढून देतो म्हणून तो पुन्हा आला, तेव्हा माझा मेहुणा घरी होता. तो विज्ञानाचा मास्तर. त्यानं काही वाद घातला नाही. महाराजांनी नारळानं चार जागा दाखवल्या, त्यावर मेहुण्यानं चुन्याची फक्की टाकली. मग म्हणाला, आता डोळ्यांना उपरणं बांधतो, त्याच चार जागा पुन्हा काढा. बरेच आढेवेढे घेऊन तो तयार झाला. मेहुण्यानं हाताला धरून त्याला शेतात फिरवलं. तीन फेऱ्यांत नारळ तीन वेगळ्याच ठिकाणी उभा राहिला, सगळ्यांत जवळची जागा फक्कीपासून तीस फूट लांब. एकदा तर तो स्वतःच काढलेल्या पॉइंटवर पाय देऊन पुढे गेला आणि नारळ आडवाच. उपरणं सोडल्यावर त्यानं खाली पाहिलं, फक्की पुसटलेली पाहिली, आणि म्हणाला, डोळे बांधले की विद्या जाते. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

नंतर मी डोळे मिटून तो प्रयोग स्वतः केला. नारळ कधीच जागा धरून उभा राहिला नाही. मनात "इथे उभा राहील" असं आलं की मनगट केसभर झुकतं, तळहाताचा खळगा बदलतो, आणि आडवा गोल नारळ तेवढ्यावर उठतो. करणाऱ्याला ते कळत नाही. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञानं 1852 सालीच हे सांगून ठेवलंय. पाणाडे वापरतात ती उंबराची दुबेळकी फांदी, तांब्याच्या वाकवलेल्या सळया, दोऱ्याला बांधलेली किल्ली, सगळ्यांचं मूळ हेच. म्हणून काही पाणाडे मनापासून प्रामाणिकही असतात. तरी बोअर कोरडाच जातो.

जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 साली तिकडच्या पाणाड्यांची मोठी परीक्षा झाली. सुमारे 500 जणांतून निवडलेले 43 जण, एका कोठारात खाली पाण्याचा पाइप सरकवून ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून यांनी तो ओळखायचा. 843 प्रयत्न झाले. परीक्षा घेणाऱ्यांनी काहींना उपजत देणगी आहे असं म्हटलं, पण जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञानं आकडे पुन्हा तपासले तर एका वेळी बरोबर आलेल्याला दुसऱ्या वेळी तेच जमलेलं नव्हतं. आमच्या शेतात उपरण्यानं जे दाखवलं तेच.

लपवलेल्या वस्तू शोधणाऱ्या दांड्यांचंही असंच. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसानं मुठीवर फिरणारी एक दांडी बॉम्बशोधक यंत्र म्हणून इराकला विकली. आत काहीच नव्हतं. 2013 साली त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. त्या दांडीच्या भरवशावर नाक्यांवरून गाड्या सोडल्या जात होत्या.

लोक मला सांगतात, अमक्याला त्यानंच पाणी दाखवलं. मी असे तीन बोअर जाऊन पाहिले. तिन्ही पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या कडेला. तिथे डोळे झाकून काठी रोवली तरी पाणी लागलं असतं. वराहमिहिराचा दाखलाही देतात. बृहत्संहितेत पाण्याच्या खुणांवर अध्याय आहे हे खरं, पण तो झाडं, वारुळं, माती, खडक बघायला सांगतो. ते बघणं वेगळं. आपल्या काळ्या पाषाणात नद्या वाहत नाहीत. मुरमात, मांजऱ्यात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात जे मुरलं असेल तेवढंच पाणी. खाली अखंड पाषाण लागला की सहाशे फूट काय, हजार फूट काय.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जालन्यात आहे, तिथे भूवैज्ञानिक असतात, हे मला तेव्हा सुचलंच नाही. ते आजूबाजूच्या विहिरी पाहतात, विजेच्या रोधावरून खडकाचा अंदाज घेतात. तेही चुकू शकतात, पण पाणी लागेलच असं ते छातीठोक सांगत नाहीत. जो सांगतो, त्याच्या हातात नारळ असो की स्क्रीनवालं यंत्र, त्याला आधी विचारा की गाडीवाल्याकडून तुला फुटाला किती मिळतात.

तक्रार का केली नाही, असं बरेच जण विचारतात. महाराष्ट्राच्या 2009च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे. मी 420 आणि 560 गेलो होतो. गाडीवाल्याला हे नक्की माहीत असणार, मला नव्हतं. त्यामुळे तोंड बंद. माझ्यासारखे किती जण गप्प बसले असतील ते मोजायचं कुणी?

हे आज लिहायला कारण झालं. शेजारच्या गावातला एक पोरगा गेल्या आठवड्यात आला, डाळिंबाची नवी बाग, पाणी नाही. तोच महाराज सोमवारी येणार होता. मी त्याला माझी हिशेबाची वही दाखवली, गाडीचा ॲडव्हान्स देऊ नको म्हटलं, आणि एक उपरणं व फक्कीची पिशवी दिली. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. महाराज डोळे बांधून घ्यायला तयार झाले नाहीत. 500 रुपये न घेताच मोटारसायकलला किक मारून निघून गेले. पोरगा उद्या जालन्याला, भूजलच्या कार्यालयात जाणार आहे, मी सोबत जातोय.