सायकलचा थर्ड पार्टी विमा : ११ महिने, एक क्लेम आणि अडकलेले २०,००० रुपये

रिन्यूअलचा मेसेज आलाय, म्हणून सायकलसाठी थर्ड पार्टी (आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई) आणि वकीलखर्चाचं कव्हर घ्यावं का, ते सगळं एकदा लिहून काढते. माझ्या पॉलिसीत येतं ते असं: चोरी, मोडतोड, स्वतःचा अपघात, थर्ड पार्टी ५ लाखांपर्यंत, वकीलखर्च ५० हजारांपर्यंत. माझी साधी हायब्रिड सायकल, रिम ब्रेकची (चाकाच्या कडेवर रबर दाबून थांबणारी), ३२ हजारांची. प्रीमियम जीएसटी धरून २,३४० रुपये. माहीम ते लोअर परळ रोजची ये-जा आणि रविवारी पहाटे मरीन ड्राइव्ह.

पहिले सात महिने हे पैसे फुकट गेले असंच वाटत होतं. चोरीचा क्लेम हवा तर सायकल जमिनीत किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या वस्तूला कुलूप लावून बांधलेली हवी. आमच्या चाळीत जिन्याखाली असं काही नाही, आणि जिन्याच्या लाकडी कठड्याला ते पक्कं मानत नाहीत. म्हणजे ज्यासाठी बहुतेक लोक ही पॉलिसी घेतात, ते कव्हर मला लागूच नव्हतं.

मग श्रावणातला एक रविवार आला. सकाळचे पावणेसात, भुरभुर पाऊस. एक आजी दादरच्या फुलबाजारातून पिशवी घेऊन गोखले रोड ओलांडत होत्या. उभ्या टेम्पोच्या आडून त्या पुढे आल्या, मी ब्रेक दाबले, पण ओल्या रिमवर रबर धरायला वेळ लागतो. हँडल त्यांच्या कोपराला लागलं आणि त्या हात टेकून पडल्या. मनगट मोडलं. वय ७४.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "आजी, चुकलं माझं." टॅक्सी केली, जवळच्या हॉस्पिटलात नेलं. प्लेट टाकावी लागेल, आधी २०,००० डिपॉझिट भरा, असं काउंटरवर सांगितलं. मुलगा डोंबिवलीला, रविवारच्या गाड्या, तो येईपर्यंत दहा वाजणार. मेडिक्लेम आजींनी दोन वर्षांपूर्वीच सोडलेला, हप्ता झेपेना म्हणून. मी यूपीआयने पैसे भरले. दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला, फॉर्म भरला आणि जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं.

इथून पुढे माझा सगळा राग एका कलमावर आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी मान्य करायची नाही, कोणाला पैसे द्यायचे नाहीत, देण्याचं वचनही द्यायचं नाही. पॉलिसीच्या सतराव्या पानावर बारीक अक्षरात हे आहे. माझे २०,००० या कलमाखाली नाकारले. फॉर्ममधलं "चुकलं माझं" हे वाक्य त्यांच्या तीन पत्रांत अवतरणचिन्हांसकट आलं, जणू मी काही लबाडी केली होती. रविवारी सकाळी सात वाजता त्यांच्या हेल्पलाइनवर रेकॉर्डेड आवाज होता, कार्यालयीन वेळेत संपर्क करा. संमती मी मागणार कोणाकडे? पाऊस पडतोय, म्हातारं माणूस रस्त्यात बसलंय, हात वाकडा झालाय, आणि मी तोंड मिटून उभी राहायचं? हे कलम लिहिणाऱ्याने दादरच्या रस्त्यावर एक सकाळ काढावी.

अशी अट बहुतेक सगळ्याच दायित्वाच्या, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या, पॉलिसींत असते, हे मला नंतर कळलं. तिचं कारणही समजलं: विमाधारक आणि जखमी यांनी संगनमताने वाटेल ती रक्कम ठरवू नये. ते मान्य. पण दवाखान्याच्या पावतीवरचं डिपॉझिट म्हणजे संगनमत नव्हे.

सप्टेंबरमध्ये मी पॉलिसी बंद करायच्या बेतात होते. तेव्हाच वकीलखर्चाच्या कव्हरमधून नेमलेल्या वकीलबाईंचा फोन आला आणि माझं मत बदलायला लागलं.

त्यांनी आधी पोलिसांचं समजावलं. हॉस्पिटलने मेडिको-लीगल केस (अपघातासारखी, पोलिसांना कळवायची केस) म्हणून त्यांना कळवलंच होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २८१ बेदरकारपणे वाहन हाकण्याचं आहे, आणि त्यातून सायकल सुटत नाही. कलम १२५ निष्काळजीपणाने दुखापत करण्याचं. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मला हे अजिबात माहीत नव्हतं. आजींनी जबाबात सांगितलं, "मी टेम्पोमागून एकदम आले, पोरीने दवाखान्यात आणलं, माझी तक्रार नाही." तिथेच ते थांबलं. पण त्या आठवड्यात पोलिस स्टेशनला वकीलबाई सोबत होत्या, आणि माझा एक रुपया गेला नाही.

दुसरं त्यांनी सांगितलं ते मी विसरणार नाही. आपला मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यात थर्ड पार्टी विम्याची सक्ती कलम १४६ने आहे, पण ती मोटार वाहनाला. सायकल त्या व्याख्येत बसत नाही. (२५० वॅटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरपर्यंतची ई-सायकलही नाही. जास्त ताकदीचं किट बसवलं की मात्र ती मोटार वाहन, आणि माझ्यासारखी पॉलिसी तिथे चालत नाही.) म्हणून सायकलने धडकलेल्या माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येत नाही. त्याला दिवाणी दावाच लावावा लागतो, वर्षानुवर्षं.

आजींना एखाद्या स्कूटरवाल्याने पाडलं असतं, तर त्याच्या विमा कंपनीवर दावा लावता आला असता. तो पळून गेला असता आणि सापडलाच नसता, तरी कलम १६१च्या योजनेतून गंभीर दुखापतीचे ५० हजार मिळण्याची सोय आहे, १ एप्रिल २०२२ पासून. आणि मी, थांबलेली, दवाखान्यात घेऊन गेलेली सायकलवाली, माझ्यामागे त्यांच्यासाठी काहीच नाही. माझा खिसा, नाहीतर ही पॉलिसी. सात महिने मी हा विमा स्वतःसाठी तोलत होते. तो आजींसाठी होता.

म्हणून थर्ड पार्टीबद्दल माझं उत्तर आता पक्कं आहे. रोज गर्दीतून सायकल चालवत असाल, तर घ्या. पुतण्या मँचेस्टरला आहे, तिथे सायकलिंग यूके या सायकलस्वारांच्या संस्थेचं सभासद झालं की एक कोटी पौंडांपर्यंतचं थर्ड पार्टी कव्हर त्यातच येतं. आपल्याकडे तशी सोय मला कुठल्या ग्रुपमध्ये दिसली नाही. घराची जुनी हाउसहोल्डर पॉलिसी असेल तर कपाटातून काढून बघा. आमच्या वडिलांच्या पॉलिसीत 'पेडल सायकल' असा विभाग निघाला, त्यात थर्ड पार्टीही होतं, पण मर्यादा १०,००० रुपये. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना जरूर ठेवा, पण ती आपल्या मृत्यूसाठी आणि अपंगत्वासाठी आहे. समोरच्याला त्यातून काही मिळत नाही.

वकीलखर्चाबद्दल मात्र थांबून विचार करा. माझ्या पॉलिसीत फक्त बचावाचा खर्च आहे. उद्या टेम्पोने मला उडवलं तर दावा लावायचा खर्च त्यात नाही, आणि न्यायाधिकरणात अर्ज ६ महिन्यांच्या आत जावा लागतो. शिवाय १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. हे खुद्द वकीलबाईंनीच सांगितलं, त्या मोफत सेवेचा १५१०० हा हेल्पलाइन नंबरही दिला. म्हणजे केवळ वकिलासाठी मी वेगळे पैसे मोजले नसते. पण पोलिस स्टेशनला जायची वेळ आली तेव्हा मला अर्ज करून वाट बघायची नव्हती, कोणीतरी लगेच सोबत हवं होतं. ते मिळालं.

क्लेमचं पुढे असं झालं. एकूण बिल १,१२,०००. कंपनी आधी म्हणाली कोर्टाचा आदेश आणा. वकीलबाईंनी पॉलिसीतलंच वाक्य दाखवलं, की कंपनीच्या संमतीने तडजोड करता येते. अकराव्या आठवड्यात आजींच्या मुलाच्या खात्यात ९२,००० जमा झाले. माझे २०,००० नाहीत ते नाहीतच. कंपनीच्या तक्रार विभागाने कलमाचा नंबर लिहून दोन ओळींत उत्तर दिलं.

पॉलिसी घेतलीत तर एवढं करा: अपघात झाला की माणसाला आधी दवाखान्यात न्या, धीर द्या, माफीही मागा. पण कागदावर कसलीही कबुली लिहू नका, आणि पैसे भरायच्या आधी दवाखान्याच्या बाकावरूनच कंपनीला ईमेल टाका, रविवार असला तरी. उत्तर नाही आलं तरी विचारल्याची वेळ नोंदली जाते.

मी रिन्यू करतेय. चोरीचं कव्हर काढून प्रीमियम कमी करा म्हटलं, तर तसं होत नाही म्हणाले. २,३४० भरले.

२०,००० मी सोडलेले नाहीत. विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जायला फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षात जावं लागतं. आजींच्या मुलाने स्वतःहून पत्र लिहून दिलंय, की त्या सकाळी डिपॉझिट भरलं नसतं तर आईला दाखल करून घेतलं नसतं. खाली आजींचीही सही आहे, उजव्या हाताची, थोडी थरथरलेली. ते पत्र, पावती आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडलाय. मंगळवारी ऑफिसातून अर्धा दिवस काढून सांताक्रूझला लोकपालांच्या कार्यालयात देऊन येणार आहे.